वीर की रौद्र? : प्राचीन जगावरील साहसपटांतील वीरक्षण आणि समीक्षेची दृष्टी

१

प्राचीन ग्रीस, रोम किंवा एखादी अर्धकल्पित पुराणभूमी यांत घडणारे साहसपट हा विषय विद्यापीठीय समीक्षेने दीर्घकाळ वर्ज्य मानला होता. ही वर्ज्यता आता उरलेली नाही. चित्रपटविषयक आणि संस्कृतिविषयक अभ्यासाच्या आश्रयाने ‘स्पार्टकस’, ‘ग्लॅडिएटर’ किंवा ‘३००’ यांसारख्या चित्रपटांवर गंभीरपणे लिहिले जाते. मात्र दार उघडले म्हणून दृष्टीही उघडली, असे म्हणता येत नाही. या चित्रपटांकडे पाहण्याच्या ज्या दोन रीती रूढ झाल्या आहेत, त्या दोन्ही त्यांच्या गाभ्याशी असलेल्या प्रश्नाला बगल देतात.

हा गाभा म्हणजे वीरक्षण. कथानकाची गती जेथे थबकते, संगीत चढते, कॅमेरा नायकाच्या देहाशी किंवा चेहऱ्याशी येऊन थांबतो आणि प्रेक्षकाकडे कौतुकाची मागणी केली जाते, तो प्रसंग म्हणजे वीरक्षण. साहसपटातील बाकी सारे, म्हणजे प्रवास, कारस्थाने, प्रणय आणि नगरांचे भव्य देखावे, या क्षणाची सिद्धता करण्यासाठी असते. प्रेक्षक चित्रपटगृहातून बाहेर पडताना कथानक विसरतो. हा क्षण विसरत नाही. तेव्हा अशा चित्रपटाचे मूल्यमापन करायचे, तर या क्षणाचे मूल्यमापन करावे लागते, आणि नेमके तेच टाळले जाते.

पहिली रीत इतिहासप्रामाण्यवाद्यांची. वेष, शस्त्रे, सनावळ्या आणि घटनाक्रम यांतील चुका दाखवून ती थांबते. दुसरी रीत मिथकवाद्यांची. प्रत्येक नायकात तीच एक आदिम वीरकथा पुन्हा अवतरल्याचे सांगून ती कृतार्थ होते. या दोन पक्षांत वरवर कितीही विरोध दिसला, तरी एका गृहीतावर त्यांचे एकमत आहे : वीरक्षण हा वीररसाचाच असतो. त्याला एक पक्ष खोटा म्हणतो आणि दुसरा सनातन म्हणतो, एवढाच फरक. हे गृहीतच सदोष आहे. ज्या क्षणांवर शौर्याची मुद्रा उमटवली गेली आहे, त्यांतील कित्येक क्षण वस्तुतः रौद्राचे आहेत. आणि रौद्राला वीर म्हणून खपवणे ही केवळ शास्त्रीय वर्गीकरणातली चूक नसून त्या चुकीला राजकीय परिणाम आहेत.

२

इतिहासप्रामाण्यवादी भूमिकेचे अपुरेपण तिच्याच उदाहरणांवरून सिद्ध होते. रिडली स्कॉटच्या ‘ग्लॅडिएटर’मध्ये (२०००) सम्राट कमोडस रिंगणात मॅक्सिमसच्या हातून मरतो आणि रोमची सत्ता पुन्हा सिनेटकडे जाण्याची आशा जागते. इतिहास वेगळा आहे. कमोडसचा अंत इ. स. १९२ च्या अखेरीस राजवाड्यातील कटातून झाला. नार्सिसस नावाच्या मल्लाने त्याचा गळा आवळला. प्रजासत्ताक परतणे दूरच राहिले. पुढच्याच वर्षी राजरक्षक दलाने साम्राज्याचा अक्षरशः लिलाव केला आणि डिडिअस ज्युलिअॅनस याने तो घेतला. चित्रपटाने इतिहासाची मोडतोड केली, हे निर्विवाद. पण एवढ्यावरून रिंगणातील त्या क्षणाचे मोल काय, हे कोठे ठरले?

उलट दिशेचे उदाहरण स्टॅन्ली कुब्रिकच्या ‘स्पार्टकस’चे (१९६०) आहे. ॲपियनच्या वृत्तान्तानुसार स्पार्टकस अखेरच्या लढाईत पडला आणि त्याचे प्रेतही सापडले नाही; कॅपुआ ते रोम या मार्गावर क्रुसावर चढवले गेले ते पकडलेले सहा हजार अनुयायी. चित्रपटात स्पार्टकस जिवंत सापडतो आणि स्वतःच क्रुसावर जातो. युद्धबंदी एकामागून एक उठून स्वतःलाच स्पार्टकस म्हणवतात, त्या सुप्रसिद्ध प्रसंगाला प्राचीन साधनांत आधार नाही. इतिहासाच्या कसोटीवर तो शून्य ठरतो. तरीही या चित्रपटप्रकारातील तो कदाचित सर्वांत उंच वीरक्षण आहे. असत्य प्रसंग उंच आणि तपशिलाने अचूक प्रसंग पोकळ असू शकत असेल, तर ती कसोटी येथे लावण्याची नव्हे, एवढे तरी मान्य करावे लागते.

रोलां बार्तने मॅंकिविझच्या ‘ज्युलियस सीझर’वर (१९५३) लिहिताना कपाळावरच्या केसांच्या झालरीकडे आणि चेहऱ्यांवरील घामाकडे लक्ष वेधले होते. ती झालर म्हणजे ‘रोमनपणा’चे आणि तो घाम म्हणजे ‘विचारमग्नते’चे चिन्ह आहे, असे त्याचे म्हणणे. १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’मध्ये समाविष्ट झालेल्या या टिपणाचा धडा सरळ होता : चित्रपटातील प्राचीनता ही चिन्हव्यवस्था आहे, तेव्हा ती काय अर्थ घडवते ते पाहा. हा धडा इतिहासप्रामाण्यवादी विसरले. त्यांनी केसांची झालर कालविपर्यस्त आहे की नाही, याचीच नोंद पुढे चालू ठेवली.

३

मिथकवाद्यांचा दोष याच्या उलटा आहे. त्यांना चिन्हे दिसतात. पण सर्व चिन्हांचा अर्थ एकच दिसतो. जोसेफ कॅम्पबेलचा १९४९ चा ग्रंथ हा त्यांचा आधार. हाक, उंबरठा, कसोटी आणि परतणे या साच्यात कोणताही नायक बसवता येतो. जेसन, हर्क्युलिस आणि मॅक्सिमस त्यात बसतात, आणि थोडी ओढाताण केली तर लिओनिडसही बसतो. अडचण अशी की सगळेच बसत असल्यामुळे साचा कोणाविषयीच काही सांगत नाही. बंडखोर गुलाम आणि गुलामांच्या राबण्यावर जगणाऱ्या नगराचा राजा हे एकाच आदिरूपाचे दोन अवतार ठरत असतील, तर असा अन्वयार्थ म्हणजे समीक्षेने स्वतःहून घेतलेली निवृत्ती होय.

या पक्षाची दुसरी खोड अशी की, तो लोकप्रियतेला प्रमाण मानतो. कोट्यवधींना थरार जाणवला, म्हणून तेथे काही सनातन हलले असले पाहिजे, असा त्याचा युक्तिवाद. परंतु थरार ही प्रतिक्रिया आहे. ती कशाला आहे, हा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. क्रोधानेही थरारता येते आणि विस्मयानेही. प्रेक्षागृहातील टाळी ऐकून रस ओळखणारा समीक्षक टाळी मोजतो, रस ओळखत नाही.

४

येथे रसचर्चेकडे वळणे आवश्यक आहे. परंपरेचा गौरव हा त्यामागील हेतू नाही. जो भेद वरील दोन्ही पक्षांना करता येत नाही, तो तिने केलेला आहे, एवढेच कारण पुरेसे आहे. नाट्यशास्त्रात वीर आणि रौद्र हे स्वतंत्र रस आहेत. वीराचा स्थायीभाव उत्साह, रौद्राचा क्रोध. युद्ध दोहोंतही येते, म्हणून घोटाळ्याला जागा आहे. आणि म्हणूनच शास्त्रकारांनी भेद काटेकोरपणे मांडला. भरताने वीराच्या विभावांत बळ आणि पराक्रम यांच्या आधी असंमोह, अध्यवसाय, नय आणि विनय यांची गणना केली आहे. असंमोह म्हणजे भान न सुटणे, नय म्हणजे योग्यायोग्याचा विवेक. त्याचा वीर उत्तम प्रकृतीचा आहे. रौद्राचा संबंध मात्र राक्षस, दानव आणि उद्धत मनुष्य यांच्याशी जोडलेला आहे. विश्वनाथाने मुखाची आणि नेत्रांची आरक्तता हेच युद्धवीरापासून रौद्राला वेगळे करणारे लक्षण सांगितले. याशिवाय भरताने युद्धवीराच्या जोडीला दानवीर आणि धर्मवीर मानले, विश्वनाथाने दयावीराची भर घातली, आणि जगन्नाथ पंडिताने सत्यवीर, पांडित्यवीर असे आणखीही भेद संभवतात हे दाखवून ती यादी खुलीच ठेवली. युद्ध हे वीराचे अनेक क्षेत्रांपैकी एक क्षेत्र आहे, एवढे यावरून स्पष्ट व्हावे.

संस्कृत नाट्याची मापे अमेरिकी किंवा इटालियन चित्रपटांना लावणे हा उपरेपणा आहे, असा आक्षेप येथे संभवतो. त्याला ज्या ग्रीक जगाचे हे चित्रपट आहेत, तेथूनच उत्तर देता येते. ॲरिस्टॉटलने ‘निकोमॅखियन एथिक्स’च्या तिसऱ्या खंडात शौर्यासारख्या भासणाऱ्या पण शौर्य नसलेल्या पाच गोष्टींची चर्चा केली आहे, त्यांपैकी एक आहे ‘थुमॉस’, म्हणजे उसळलेला आवेश. जखमी श्वापद शिकाऱ्यावर झेपावते ते वेदनेने. त्याला शूर म्हणता येत नाही. आवेशाला विचारपूर्वक निवड आणि योग्य हेतू यांची जोड मिळाली, तरच ते शौर्य. भरताचा नय आणि ॲरिस्टॉटलची निवड या संकल्पना एक नव्हेत. त्यांच्या तत्त्वव्यूहांत मोठे अंतर आहे. पण दोहोंनाही एकच भीती आहे : क्रोधाला शौर्य समजले जाण्याची. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन परंपरा ज्या चुकीविरुद्ध सावध करतात, तीच चूक साहसपटांच्या समीक्षेत नित्याची झाली आहे.

या भेदातून वीरक्षणाला विचारण्याचे तीन प्रश्न निष्पन्न होतात. नायकाला ती कृती न करण्याचा मार्ग खुला होता काय, आणि तो खुला असल्याचे प्रेक्षकाला दिसते काय? समोरचा शत्रू मनुष्य म्हणून उरला आहे काय? कृतीची किंमत कोण मोजतो?

५

सर्वच बलप्रदर्शनाला रौद्र म्हणावे, असा याचा अर्थ नाही. १९१४ च्या ‘काबिरिया’त जिओव्हान्नी पास्त्रोनेने माचिस्ते हे पात्र पडद्यावर आणले आणि बार्तोलोमेओ पागानो या जेनोव्हाच्या गोदी कामगाराने ते साकारले. माचिस्ते एका रोमन सरदाराचा आफ्रिकी गुलाम आहे. साखळदंडाने जात्याला जखडलेला त्याचा देह ही साहसपटाच्या इतिहासातील मूळ प्रतिमा म्हणावी लागेल. त्याच्या ठायी बळ आहे, निष्ठा आहे. निर्णय मात्र धन्याचा आहे. ज्या बळाला स्वतःचा निर्णय नाही, ते कोणाच्याही सेवेला लागू शकते. आणि तसेच घडले. हाच माचिस्ते पुढच्या चित्रपटांत गोरा इटालियन झाला आणि १९१६ च्या ‘माचिस्ते आल्पिनो’त पहिल्या महायुद्धातला पहाडी सैनिकही झाला. त्याला एका युगातून दुसऱ्या युगात आणि एका वर्णातून दुसऱ्या वर्णात नेताना काहीच अडले नाही, कारण देहाखेरीज न्यायचे असे काही नव्हतेच.

पिएत्रो फ्रान्चिस्चीच्या ‘हर्क्युलिस’मध्ये (१९५८) स्टीव्ह रीव्ह्ज साखळ्यांनी राजवाड्याचे खांब ओढून पाडतो, तेव्हाही वीराच्या अनेक विभावांपैकी बळ हा एकच उरलेला असतो. असे क्षण अपुरे आहेत, अपायकारक नव्हेत. डॉन चॅफीच्या ‘जेसन अँड द आर्गोनॉट्स’मधला (१९६३) सांगाड्यांशी झुंजण्याचा प्रसंग याहून सरस. रे हॅरीहाउसेनने सात सांगाड्यांची ही झुंज एकेक चौकट हलवत चार महिन्यांहून अधिक काळ खपून उभी केली. मूळ काव्याशी ताडून पाहता येथे एक अर्थपूर्ण बदल दिसतो. इ. स. पू. तिसऱ्या शतकातील ऱ्होड्सच्या अपोलोनिअसच्या महाकाव्यात जमिनीतून उगवलेल्या योद्ध्यांमध्ये जेसन एक प्रचंड धोंडा फेकतो आणि ते आपापसांतच लढू लागतात. ही युक्ती त्याला मीडियाने सांगितलेली असते. म्हणजे तेथील वीरक्षणात पराक्रमाइतकाच नयाचा वाटा आहे, आणि तो नय एका परक्या स्त्रीकडून आलेला आहे. चित्रपटाने धोंडाही टाकला आणि सल्लाही, उरली तलवार. तरीही हा प्रसंग रौद्र होत नाही. सांगाड्यांविषयी कोणाला द्वेष वाटत नाही; वाटतो तो विस्मय. वीरापासून अद्भुताची उत्पत्ती होते, हे भरताचे प्रतिपादन येथे शब्दशः प्रत्ययाला येते. हा चित्रपट अद्भुताचा आहे आणि त्याने दुसरा कोणता दावाही केलेला नाही. त्याला वीरगाथा ठरवणारे त्याच्यावर नसते ओझे लादतात.

६

प्रश्न गंभीर होतो तो झॅक स्नायडरच्या ‘३००’पाशी (२००६). फ्रँक मिलरच्या १९९८ च्या चित्रकथामालिकेवर आधारलेल्या या चित्रपटाचा सर्वांत गाजलेला क्षण कोणता? पर्शियाचा दूत अधीनतेची खूण म्हणून माती आणि पाणी मागतो आणि लिओनिडस त्याला लाथेने विहिरीत लोटून देतो. हा क्षण चित्रपटाची मुद्राच होऊन बसला आहे.

दूतांना विहिरीत टाकल्याची हकीकत हिरोडोटसच्या सातव्या खंडात आहे. पण तेथे तिचे रूप असे काही वेगळे आहे की चित्रपटाने काय गमावले याचा तोच सर्वांत मोठा पुरावा ठरावा. ही घटना आधीच्या राजाच्या, दारियसच्या दूतांबाबत घडली. तिच्यामुळे झर्क्सिसने स्पार्टा आणि अथेन्स यांच्याकडे दूत पाठवलेच नाहीत. महत्त्वाचा आहे तो पुढचा भाग. दूताची हत्या म्हणजे देवधर्माचा भंग. दूतांचा आदिपुरुष टॅल्थिबिअस कोपला आणि स्पार्टात यज्ञांचे शकुन अनुकूल येईनासे झाले. अखेर सभेत विचारणा झाली : नगरासाठी प्राण द्यायला कोण तयार आहे? स्पर्थिअस आणि बूलिस हे दोघे कुलीन, संपन्न पुरुष स्वेच्छेने पुढे आले. त्या हत्येचे प्रायश्चित्त म्हणून स्वतःचा जीव अर्पण करण्यासाठी ते सुसा येथे झर्क्सिसपुढे जाऊन उभे राहिले. तेथे त्यांना दंडवत घालायला सांगितले गेले, तेव्हा मनुष्याला दंडवत घालण्याची आपली रीत नाही, म्हणून त्यांनी नकार दिला. आणि झर्क्सिसने त्यांना मारले नाही. दूतवधाचा जो दोष तो स्पार्टावाल्यांना देत होता, तोच स्वतः करणे त्याला मान्य नव्हते.

हिरोडोटसच्या या हकिकतीत वीरक्षण आहे. परंतु तो विहिरीच्या काठावर नाही. तो सुसाच्या वाटेवर आहे. घरी बसण्याचा मार्ग खुला असताना दोन माणसे निघतात. मरायला तयार असूनही वाकायला तयार होत नाहीत. आणि शत्रूही त्या क्षणी मोठा होतो. मघाच्या तिन्ही प्रश्नांना येथे उत्तर मिळते. चित्रपटाने यांतला अपराध तेवढा उचलला, प्रायश्चित्त पुसून टाकले आणि त्या अपराधालाच शौर्य म्हणून गौरवले. आरक्त मुख, आरक्त नेत्र, उसळलेला आवेश : विश्वनाथाने सांगितलेले रौद्राचे लक्षण इतक्या ठळकपणे क्वचितच पडद्यावर आले असेल.

ही एकाच प्रसंगापुरती गोष्ट नाही. चित्रपटाचा निवेदक डिलिओस हा एक डोळा गमावलेला सैनिक. राजा त्याला कथा सांगण्यासाठी परत पाठवतो आणि पुढे तोच प्लॅटियाच्या रणांगणावर सैन्याच्या अग्रभागी उभा राहतो. या पात्रामागे ॲरिस्टोडेमस आहे. नेत्रविकारामुळे थर्मॉपिलीहून परतलेल्या ॲरिस्टोडेमसला स्पार्टाने भित्रा ठरवून वाळीत टाकले. पुढे इ. स. पू. ४७९ मध्ये प्लॅटियाच्या लढाईत तो रांग सोडून बेभानपणे लढला आणि पडला. हिरोडोटसच्या स्वतःच्या मते सर्वांत शूर तोच होता. पण स्पार्टावाल्यांनी तो मान पोसिडोनिअसला दिला, कारण पोसिडोनिअस मरण्याची इच्छा नसतानाही शूरपणे लढला होता. शौर्य कशाला म्हणावे, यावर खुद्द स्पार्टात आणि स्पार्टाच्या इतिहासकारात असा वाद होता. चित्रपटात वाद उरला नाही. कलंकित माणसाचा यशोगाता झाला आणि मरण्याची इच्छा हीच सर्वोच्च कसोटी ठरली.

शत्रूचेही असेच. हिरोडोटस प्लॅटियाच्या वर्णनात पर्शियन धैर्यात आणि बळात उणे नव्हते, त्यांच्याकडे चिलखते आणि लढाईचे शिक्षण नव्हते, असे स्पष्ट नोंदवतो. चित्रपटातील पर्शियन सेना विद्रूप, पशुवत आणि मुखवट्याआडची आहे. बक्षिसाच्या आशेने वाट दाखवणारा एफिआल्टीस येथे कुबडा होतो, जणू फितुरी हा शरीराचा दोष असावा. स्वेच्छेने मागे राहून मेलेले थेस्पियाचे सातशे योद्धे पडद्यावर नाहीत. ज्यांच्या राबण्यावर स्पार्टाचे लष्करी जीवन उभे होते ते हेलट नाहीत. कृतीची किंमत कोण मोजतो, हा प्रश्नच दृश्यातून काढून टाकला आहे.

७

याउलट ‘स्पार्टकस’मधील त्या क्षणाकडे पाहावे. पराभव झालेला आहे. स्पार्टकसला ओळखवून द्या म्हणजे क्रुसावरच्या मरणातून सुटका होईल, अशी सवलत जाहीर होते. मार्ग खुला आहे आणि तो प्रेक्षकासमोर खुला आहे. कोणाच्या हाती शस्त्र नाही, कोणी कोणाला मारत नाही. तरीही उत्साह हा स्थायीभाव इतक्या निर्मळपणे अन्यत्र दिसत नाही. येथे वीरत्व एका देहातून निघून समूहात पसरते, आणि नायकाच्या डोळ्यांत क्रोधाऐवजी अश्रू येतात. नाव सांगण्याच्या या प्रश्नामागे निर्मात्यांच्या काळाचे सावट होते. मूळ कादंबरीकार हॉवर्ड फास्ट याला अमेरिकी संसदेच्या समितीपुढे नावे उघड करण्यास नकार दिल्याबद्दल १९५० मध्ये तुरुंगवास घडला होता. पटकथाकार डाल्टन ट्रंबो हाही त्या समितीला उत्तरे नाकारून तुरुंगात गेला, काळ्या यादीत पडला, आणि १९६० मध्येच त्याचे नाव पुन्हा उघडपणे पडद्यावर आले. ज्यांना नाव सांगण्या-न सांगण्याची किंमत ठाऊक होती, त्यांच्या हातून हा प्रसंग घडला आहे.

त्याच चित्रपटात ड्राबा हा ग्लॅडिएटर पराभूत स्पार्टकसला मारण्यास नकार देतो आणि त्रिशूळ प्रेक्षकसज्जाकडे फेकून रोमनांवर झेपावतो. येथे पहिली कृती वीराची, दुसरी रौद्राची. आणि दोहोंमधील सांधा स्पष्ट दिसतो. ‘ग्लॅडिएटर’मध्येही हा भेद करता येतो. मुखवटा उतरवून सम्राटापुढे सूडाची घोषणा करणारा मॅक्सिमस सर्वांना आठवतो. पण तो क्षण क्रोधाचा आहे. सम्राटाचा अंगठा मृत्यूचा कौल देत असताना पराभूत टायग्रिसला जीवदान देणारा मॅक्सिमस हा वीर आहे. एकाच नटाचे एकाच रिंगणातले हे दोन क्षण निराळे आहेत, हे ज्या समीक्षेला सांगता येत नाही, तिने ‘नायक’ हा शब्द वापरू नये.

भारतीय प्रेक्षकाला परिचित असे अगदी जवळचे उदाहरण ‘बाहुबली’चे. पहिल्या भागात (२०१५) शत्रूने ढालीसारखे पुढे केलेल्या आपल्याच प्रजाजनांना भल्लालदेव तुडवत जातो आणि अमरेंद्र त्यांना वाचवून मग लढतो. राजमाता राज्याचा कौल याच भेदावर देते. दुसऱ्या भागात (२०१७) मात्र भर दरबारात गुन्हेगाराचे मुंडके उडवणे हाच टाळीचा क्षण होतो. गुन्हा घृणास्पद आहे, म्हणून तो शिरच्छेद नयाचा ठरत नाही. पहिल्या भागाने जे शिकवले, ते दुसऱ्याने टाळ्यांसाठी विकले. आणि पहिल्या भागातही काळ्या वर्णाच्या, अगम्य भाषा बोलणाऱ्या कालकेयांना मनुष्यत्व नाकारलेलेच होते, हे विसरता येत नाही.

८

वीररस म्हणजे युद्धाचे वर्णन, हे समीकरण मराठी समीक्षाव्यवहारातही पाठ्यपुस्तकांपासून रुजलेले आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये ज्या चित्रपटाने आरंभ केला, त्याचा प्राचीन नायक हरिश्चंद्र हा दिलेल्या शब्दासाठी सर्वस्व सोडणारा आहे. दानवीर आणि सत्यवीर या संज्ञा हाताशी असताना, पडद्यावरच्या या पहिल्या भारतीय नायकाला वीर म्हणण्याचे मात्र सहसा कोणाला सुचत नाही. तलवार नसलेले वीरत्व दिसेनासे झाले, की तलवारीतील क्रोधही वेगळा दिसेनासा होतो.

ही सारी चर्चा करमणुकीच्या चित्रपटांना अवास्तव गांभीर्याने घेते, अशी तक्रार होईल. परंतु वीरक्षण चित्रपटगृहात राहत नाहीत आणि कधी राहिलेले नाहीत. जानेवारी १९४३ मध्ये स्टालिनग्राडला वेढ्यात मरणाऱ्या जर्मन सैन्याविषयी बोलताना हर्मान गोअरिंगने थर्मॉपिलीचाच दाखला दिला. माघारीची परवानगी नाकारून मरणाच्या तोंडी दिलेल्या माणसांवर त्याने शौर्याचे पांघरूण घातले. शस्त्रे खाली ठेवण्याच्या मागणीला प्लुटार्कने लिओनिडसच्या तोंडी घातलेले उत्तर आज अमेरिकेत बंदूकधारणेच्या समर्थकांचे घोषवाक्य आहे. ‘३००’ प्रदर्शित झाल्यावर २००७ मध्ये इराणच्या शासनाने त्याचा निषेध केला, तेव्हा ‘हा तर निव्वळ कल्पनाविलास’ असे उत्तर दिले गेले. कल्पनाविलास हे उत्तर होऊ शकत नाही, कारण ‘स्पार्टकस’ही कल्पनाविलासच आहे. प्रश्न कल्पनेने कोणता रस निवडला, हा आहे.

इतिहासप्रामाण्यवाद्यांना हा प्रश्न विचारता येत नाही, कारण त्यांच्या लेखी चूक ती चूकच. मिथकवाद्यांना तो विचारायचा नाही, कारण त्यांच्या लेखी वीर तो वीरच. दोघांच्या मधली जागा रिकामी राहिली, आणि तेथे प्रचारक व जाहिरातदार येऊन बसले. समीक्षेने ही जागा परत घ्यायची असेल, तर तिला फार नवी सामग्री लागणार नाही. क्रोध आणि उत्साह यांतला भेद भरताने सांगून ठेवला आहे, आवेश आणि निवड यांतला ॲरिस्टॉटलने. आणि ज्यांच्या नावाने आज लाथेचा जयजयकार होतो, त्या स्पार्टावाल्यांनीही विहिरीत टाकलेल्या दूतांसाठी दोन माणसे मरायला पाठवली होती.